मंगळवारचं पाणी

९ जानेवारी

दादा,

भाताचं वाण एकच, लावणी एकाच आठवड्यातली, माती जवळपास सारखी, खत मोजून सारखं. तरी सीमेच्या या बाजूच्या शेतातून तुमच्या बाजूच्या शेतापेक्षा अडीचपट मिथेन का निघाला? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पहिल्याच ओळीत कबूल करून टाकते, कारण यापुढचं सगळं पत्र मी फार शहाणी असल्यासारखं लिहिणार आहे.

दचकू नकोस. रिकाम्या बाटल्यांची पेटी उघडलीस आणि वरच्या फोमखाली हा कागद निघाला, एवढंच झालंय. त्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेतून येतात. दर पंधरा दिवसांनी रिकाम्या तिकडे जातात आणि तुमच्या शेतातली हवा भरून परत येतात. गेले सहा महिने ती पेटी इकडे भरणारी आणि उघडणारी मीच आहे. तिकडे बाटल्या भरणारा तू आहेस, हे मला डिसेंबरात कळलं.

तुमच्या शेताचा तक्ता तिकडच्या भाषेत असतो. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, मातीचं तापमान. शेवटचा रकाना 'निरीक्षकाची टिप्पणी'. तो सगळीकडून कोरा येतो, नाहीतर 'सामान्य' एवढंच. तुमच्या तक्त्यात मात्र दर वेळी काहीतरी असतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमना ती भाषा येते. त्या वाचून दाखवतात आणि हसतात. 'तपासणीला आलेल्या साहेबांचा उजवा बूट चिखलात गेला. बूट सापडेपर्यंत काम थांबवलं. वीस मिनिटं उशीर.' आणि डिसेंबरात आलेल्या एका तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं, आपल्या भाषेत, तीन शब्द होते: 'आज बगळे नाहीत.'

बगळ्यांवरून शेतातल्या पाण्याचा अंदाज बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

मॅडमना काही बोलले नाही. तक्ता फाइलला लावला आणि बाटल्या धुवायला गेले. तिथला नळ मोठा सोडला की खोलीत कुणाला काही ऐकू जात नाही.

आता कामाचं. दोन्ही सरकारांना एकत्र अहवाल हवाय: कुणाच्या भातशेतीतून किती मिथेन वर जातो. हा वायू ऊब धरून ठेवतो, आणि पाणी साचलेल्या शेताच्या चिखलात तो तयार होतो, हे तुला तिकडच्या लोकांनी सांगितलं असेलच. आकडे नीट लागले तर शेतीच्या पाण्याचे नियम बदलतील, दादा. करंगळीएवढ्या बाटलीतून एवढी मोठी गोष्ट! मला अजूनही त्याचं नवल वाटतं. मॅडम म्हणतात, नवल वाटून घे, पण झाकण घट्ट लाव.

तक्त्यात न आलेलं काही असेल तर कळव. पीक निघाल्यावर पेंढा शेतातच गाडता का? हवा गोळा करायचा डबा ठेवायला फळीवरून जाता, की चिखलात पाय टाकता? पाय पडला की बुडबुडे सुटतात आणि आकडा फुगतो. आमच्या बाजूच्या शेताचा क्रमांक अ-२ आहे. तिथे मी स्वतः जाते, फळ्या घातलेल्या आहेत, चुकीचा प्रश्नच नाही.

आपली,
संशोधन सहायक, मापन विभाग

ता. क. आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.


२४ जानेवारी

दादा,

पेटी आली. चोवीस बाटल्या, चोवीसही शाबूत, आणि तुझं पत्र. पत्रात वाक्यं तीन. सहा वर्षांनी तीन वाक्यं, म्हणजे दोन वर्षांना एक पडलं. घाई करू नकोस, दमशील.

'पेंढा गाडत नाही. फळीवरूनच जातो. अ-२ कुणाचं शेत आहे?'

पहिल्या दोन वाक्यांबद्दल आभार. तिसऱ्याचं उत्तर नियमानं देता येत नाही. शेतकऱ्याची ओळख गुप्त ठेवायची असते.

नियम पाळून झाला. आता ऐक. अ-२ आपलं आहे. पाटाकडचा तुकडा.

जागा शोधत होतो तेव्हा उभ्या पिकात कुणी डबे ठेवू देईना. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या शिक्षणाला आपलं शेत लागत असेल, तर त्यात विचारायचं काय?" मग हळूच, "डब्यांनी पिकाला काही होणार नाही ना?"

सहा वर्षांपूर्वी तुमचं भांडण झालं तो हाच तुकडा, हे मला ठाऊक होतं. पाण्याची पाळी आली होती, आणि तू पाटाचं दार उघडलं नव्हतंस. जमीन थोडी वाळू दे, मुळं खाली जातील, असं तू म्हणत होतास. बाबा चारचौघांत म्हणाले, "माझं शेत उघडं टाकणाऱ्यानं माझ्या पाण्याला हात लावायचा नाही." तिसऱ्या दिवशी तू गेलास. माझी शाळेची शेवटची परीक्षा होती. तुमचा आवाज वाढला तेव्हा मी अभ्यासाच्या खोलीचं दार लावून घेतलं. परीक्षेत पहिली आले. त्या दिवशी काय वाचत होते, ते मात्र आज एक ओळही आठवत नाही.

असो. बाबांचे बुधवार तू पाहायला हवेस. डबे ठेवायचा दिवस म्हणून धुतलेला शर्ट घालतात. फळ्या आदल्या दिवशीच घासून ठेवलेल्या. मी रोपांवर डबा उपडा ठेवते, अर्धा तास दर दहा मिनिटांनी सुईनं हवा ओढते, आणि ते बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करतात. "बोलू नका. श्वास मोजतायत."

हंगाम संपल्यावर मी त्यांना आकडा सांगितला. सांगायला नको होता बहुतेक. "बाबा, आपलं अडीचपट आलंय. पलीकडच्या शेतापेक्षा."

"अडीचपट?" ते उठून उभेच राहिले. "अगं, ऐकलंस का? पलीकडच्यांपेक्षा अडीचपट!"

आई आतून म्हणाली, "काय अडीचपट?"

"जे काही मोजतात ते!"

त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्यांना कळलं. न्हाव्यानं माझं अभिनंदन केलं. हा आकडा जितका मोठा तितका वाईट, हे मी बाबांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी चहा प्यायले.

आणखी एक. १२ मार्चला दोन्ही देशांची बैठक तुमच्या शहरात आहे. अडीचपटीवरचं भाषण माझं आहे. माझं! घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि सीमेपलीकडे जाऊन भाषण करणारीही मीच पहिली. प्रवासाची परवानगी आली. तू मागच्या रांगेत उभा राहिलास तरी चालेल. नुसता उभा राहा.

ताडून पाहायला अ-२ चा तक्ता सोबत ठेवते.

बहीण


७ फेब्रुवारी

दादा,

तू लिहिलंस, 'पाळी अजून शनिवारीच असते ना? मग बुधवारी सात सेंटीमीटर पाणी कुठून आलं? फूटपट्टी, मोज.'

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. सहा वर्षं घराकडे पाठ फिरवून बसलास आणि आता तिथून आमच्या पाण्याला नावं ठेवतोस? पदवी माझ्याकडे, यंत्रं माझ्याकडे, आणि चूक काढणार तू? तुला उत्तर म्हणून एक पानभर लिहिलंही. फार छान भाषा होती. फाडून टाकलं.

चिडले होते हे खरं, पण त्यातला एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत होते. सहा वर्षांत मला कुणी फूटपट्टी म्हटलं नव्हतं. लहानपणी शाळेची पट्टी घेऊन मी घरातली भांडी, दारं, झोपलेलं मांजर, तुझे कान, सगळं मोजत फिरायचे. तुझा डावा कान मोठा निघाला होता. अजून आहे का?

मग हंगामाचे सगळे तक्ते जमिनीवर पसरले. सोळा बुधवार. सोळाही वेळा पाणी सहा ते आठ सेंटीमीटर. एकदाही शून्य नाही. शनिवारचं पाणी मंगळवारपर्यंत जिरतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे जेव्हा मंगळवारी शाळेतून आल्यावर आपण त्याच तुकड्यात खेकड्यांची बिळं शोधायचो. पाण्यात बिळं दिसत नसत. मंगळवारी दिसायची. एवढं मला आठवतं, आणि सोळा आठवडे तिथे उभी राहून दिसलं नाही?

दुसऱ्या पिकाची लावणी झाली आहे. या मंगळवारी न सांगता घरी गेले. पाटाच्या वळणावरच इंजिनाचा आवाज आला. तळ्याकाठच्या खोपटात बाबा वाकून उभे होते, हातात इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल, आणि तळ्याचं पाणी अ-२ मध्ये धो धो पडत होतं.

"आज मंगळवार ना?" ते म्हणाले. "तू तर उद्या येतेस."

"बाबा, शनिवारी पाणी आलं होतं ना?"

"आलं की."

"मग हे कशाला?"

"उद्या तुमची माणसं येणार. तुझ्या मॅडम कधी येऊन टपकतील सांगता येतं का? त्यांना शेत असं उघडं दाखवायचं?"

"मी म्हणाले होते, नेहमीसारखं ठेवा."

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर तरी नेहमीसारखं ठेवतो का आपण? तुझी आईसुद्धा चादर बदलते."

"दर मंगळवारी सोडता?"

"एकही चुकवला नाही," छाती काढून म्हणाले. "तापानं फणफणलो होतो त्या आठवड्यातही नाही. विचार आईला."

आई बांधावर येऊन उभी होती. "मी म्हटलं होतं, पोरीला एकदा विचारा. तर म्हणे तिला कशाला त्रास. आता बघा तिचा चेहरा."

चिखल पाण्याखाली झाकलेला राहिला की त्याला हवा मिळत नाही, आणि बिनहवेच्या चिखलातले सूक्ष्म जीव मिथेन बनवतात. पाणी जिरून जमिनीला हवा लागली की त्यांचं काम थंडावतं. आपल्याकडची पाळीच अशी आहे की आठवड्यातले तीन दिवस ते आपोआप थंडावतं. बाबांनी हंगामभर त्या जीवांना एक दिवस सुटी दिली नाही. तुमच्या शेतात तू पाणी जिरू देतोस, मग भरतोस, पुन्हा जिरू देतोस. म्हणजे दोन देशांच्या शेतीत फरक नव्हताच, दादा, किंवा असला तर तो मला दिसलेलाच नाही. मी मोजला तो बाबांचा पाहुणचार.

अहवाल छापायला जायच्या बेतात आहे. त्यात लिहिलंय, आमच्या देशाच्या भातशेतीतून अडीचपट. आमच्या देशाच्या! एका माणसाचे मंगळवार.

मला हे आधी कळायला कसलाच मार्ग नव्हता.

बहीण


८ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवलं नाही. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते खोडत नाही, हा कागद त्याच्यासोबत ठेवते.

ऑक्टोबरात एका बुधवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले होते. हात धुवायला तळ्यापाशी गेले. बांधावरची माती ओली होती, आणि पाटापासून नाही, तळ्यापासून ओली होती. खोपटात डिझेलचा वास होता. हँडल खिळ्यावर नव्हतं, इंजिनावरच राहिलं होतं. मी सगळं पाहिलं. मग फळीवर जाऊन डबा ठेवला, आणि टिप्पणीच्या रकान्यात लिहिलं, 'सामान्य'.

का विचारलं नाही? बाबांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते थोडं खरंही आहे. पण आकडे मोठे येत होते, दादा. मॅडमनी त्या आठवड्यात पहिल्यांदा माझा तक्ता सगळ्यांसमोर उचलून धरला होता. मला वाटलं, आकडा मोठा असेल तर लोक ऐकतील, घाबरतील, पाण्याचे नियम बदलतील, म्हणजे शेवटी भलंच होईल. इतकं उदात्त कारण असल्यावर ओल्या मातीकडे कोण बघतो?

आणि अडीचपटीवरच मला १२ मार्चला तुमच्या शहरात यायचं होतं. नंतर ते मुख्य कारण झालं. आकडा गेला तर भाषण गेलं, भाषण गेलं तर प्रवास गेला, आणि तू पेटीतून तीन तीन वाक्यं पाठवणारा माणूस राहशील.

तू विचारलं नसतंस तर मी गप्प राहिले असते.  आता पाकीट चिकटवते.

बहीण


२१ फेब्रुवारी

दादा,

यावेळी तू लिहिलंस, 'डावा अजून मोठाच आहे. मॅडमना सांग. भेट होईल तेव्हा होईल.' तुझं तिसरं वाक्य मी घडी घालून ओळखपत्रामागे ठेवलंय. पण तुझं पत्र येईपर्यंत मी थांबले नव्हते, हे तुला कळावं. सोमवारी, दहा तारखेलाच मॅडमच्या खोलीत गेले होते.

त्या अहवालाचे कागद लावत होत्या. म्हणाल्या, "बरी आलीस. परवा छापायला जातोय."

"म्हणूनच आज आले. अ-२ चे आकडे काढून घ्यावे लागतील."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "शेतकरी पाणी भरतोय, हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात." माझंच मला ऐकवेना. "नाही. सोळा ऑक्टोबरला."

त्यांनी चष्मा काढला. "सोळा ऑक्टोबरच्या रकान्यात काय लिहिलंयस?"

"सामान्य."

"ते खोडू नकोस. त्याच्याखाली आजची तारीख घाल, आणि खरं लिही."

मी त्यांच्यासमोर उभ्यानं लिहिलं. अक्षर वाईट आलं. त्यांनी वाचलं आणि फोन उचलला. छपाई थांबली. बैठकीत अहवाल मांडला जाणार नाही, म्हणजे माझं भाषण नाही, प्रवासही नाही. या हंगामात माझ्या प्रत्येक तक्त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "चुका घेऊन या खोलीत पुष्कळ जण येतात. तारीख घेऊन कुणी येत नाही." मी वळून पाहिलं, तर लगेच, "हुरळून जाऊ नकोस. सगळं मोजमाप पुन्हा करायचंय, आणि बाटल्या कोण धुणार?"

नळ मोठा सोडायची गरज पडली नाही. रडू आलंच नाही. भूक लागली होती.

बाबांना सांगणं त्याहून कठीण गेलं. जेवण होऊ दिलं, मग म्हणाले, "बाबा, तो अडीचपट आकडा चांगला नव्हता. तो जितका कमी तितकं बरं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी गावभर सांगत फिरलो ते..."

"हो. चूक माझी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आणि मंगळवारचं पाणी?"

"त्यामुळेच वाढला."

ते उठून बाहेर गेले. दोन दिवस शेताकडे फिरकले नाहीत. आई म्हणाली, "राहू दे. शर्ट धुवायला टाकलाय म्हणजे बुधवारी येणार." आणि आले. मी डबे ठेवत होते, ते बांधावर होते. शेजारी कुणी नव्हतं, तरी हळू आवाजात म्हणाले, "तो म्हणत होता ते हेच का?"

सहा वर्षांत त्यांच्या तोंडून 'तो' मी पहिल्यांदा ऐकला.

"हेच बाबा. मधूनमधून जमीन वाळू द्यायची."

"मग त्यानं तेव्हा असं मोजून का नाही दाखवलं?"

"त्याच्याकडे बाटल्या नव्हत्या."

त्यांनी पायानं बांधावरचं ढेकूळ पाण्यात लोटलं. मग म्हणाले, "मी तरी कुठे विचारलं." हे मला उद्देशून नव्हतं, पण मी ऐकलं, म्हणून तुला कळवते. टिप्पणीचा रकाना आता मी कोरा सोडत नाही.

त्यांना एकदम पटलंय असं समजू नकोस. त्यांची अट आहे: तुकड्याच्या मधोमध बांध घालायचा, एका भागाला मंगळवारचं पाणी, दुसऱ्याला फक्त पाळीचं, आणि पीक दोन्हीकडचं वेगवेगळं मोजायचं. मॅडम म्हणाल्या, हे तुला सुचायला हवं होतं.

तुमच्या तक्त्यात लिहिलेला, जमिनीखालचं पाणी बघायचा तो भोकं पाडलेला नळीचा तुकडा तू जमिनीत कसा पुरतोस, ते नीट लिहून पाठव. या वेळी तीनपेक्षा जास्त वाक्यं लागतील. नाइलाज आहे.

फूटपट्टी


४ मार्च, मंगळवार

दादा,

दोन पानं! आणि नळीचं चित्र! आईनं ती पानं पिठाच्या हातानं वाचली, त्यामुळे चित्राचा एक कोपरा पांढरा झालाय. बाबांनी वाचली नाहीत, चित्र मात्र मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी नळी कापून, तू दाखवलीस तेवढ्याच अंतरावर भोकं पाडून तयार. जमिनीत पुरताना म्हणाले, "याला चित्र काढायचं वळण कुणाचं लागलं? आपल्यात तर कुणाला नाही."

नळीत डोकावलं की पाणी जमिनीखाली कुठवर उतरलंय ते दिसतं. बाबा दिवसातून चार वेळा डोकावतात. वरून जमीन कोरडी आणि आत पाणी आहे, याचा त्यांना विलक्षण आनंद झालाय. शेजारच्या शेतातून कुणीतरी ओरडून विचारलं, "काय हो, पाणी संपलं वाटतं?"

"संपलं नाही, थांबवलंय," बाबा ओरडले. "मोजायचंय!"

गेल्या बुधवारचे आकडे आले. ज्या भागाला मंगळवारचं पाणी मिळालं नाही, त्याचा आकडा दुसऱ्या भागाच्या निम्म्याहून कमी आहे. तुमच्या शेताच्या आकड्याशेजारी ठेवला तर कोणता कुठला ते मॅडमनाही ओळखता आलं नाही. एका बुधवारावर काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य मी आता आधी लिहायला शिकलेय. जमीन वाळली की दुसरा एक वायू थोडा वाढू शकतो, तोही मोजायचाय. पीक किती येतं ते कापणीलाच कळेल. पण मी तो आकडा पाहिला तेव्हा खुर्चीवरून उठले, दादा, अगदी बाबांसारखी.

एक अडचण उरली होती. दर मंगळवारी दुपारी बाबांचे पाय आपोआप खोपटाकडे वळतात. गेल्या मंगळवारी अर्ध्या भागाला पाणी देऊन झालं, तरी हँडल हातात घेऊन उभे होते आणि दुसऱ्या भागाकडे बघत होते, भुकेल्या गुराकडे बघावं तसं. आई म्हणाली, "हे आज ना उद्या सोडणार बघ पाणी. यांच्यानं राहवणार नाही." मॅडमना विचारलं. भरलेल्या भागाचं पाणी यापुढे आमचा छोटा विजेचा पंप सोडेल, आमच्या माणसाच्या हातानं, पातळी मोजून. म्हणजे इंजिन लागणारच नाही.

काल संध्याकाळी मी खोपटात गेले आणि खिळ्यावरचं हँडल काढलं. बाबा बाहेरच उभे होते.

"ते कुठे नेतेस?"

"दादाकडे."

मला वाटलं, आता आवाज चढणार. मी दार लावून घेतलं नाही. खोपटाला दारही नाही म्हणा. त्यांनी हात पुढे केला. मी हँडल दिलं, तर त्यांनी शर्टाच्या टोकानं, धुतलेल्या शर्टाच्या, त्याचं तेल पुसायला घेतलं. मुठीपासून टोकापर्यंत, पुन्हा मुठीपर्यंत.

"तेल बाटल्यांना लागेल," म्हणाले. मग, "आणि इंजिन लागलं कधी, तर?"

"तर त्याला बोलवावं लागेल."

ते पुसतच राहिले. "पोस्टानं नको म्हणावं परत," हँडल माझ्या हातात ठेवत म्हणाले. "जुनी वस्तू आहे. हरवेल. स्वतः घेऊन ये म्हणावं."

म्हणून ते तुझ्याकडे आलंय. कागदात गुंडाळून, तळाशी, बाटल्यांना धक्का लागणार नाही असं. मॅडमना आधी विचारलं. त्यांनी पेटीबरोबरची यादी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आहे ते लिही." मी लिहिलं: रिकाम्या बाटल्या चोवीस, लोखंडी हँडल एक. टिप्पणीच्या रकान्यात लिहिलं, 'स्वतः परत आणायचं आहे.' खाली आजची तारीख घातली, सही केली, सकाळीच पेटी बंद करून वर शिक्का मारून घेतला. हे पत्र बाहेरच्या पाकिटात घालतेय, कारण पेटी आता माझ्या हातानं उघडायची नाही.

तुझी,
फूटपट्टी